गायीचा निकाल मेंढ्याच्या पोटात

ज्या माणसाने माझा धंदा मेंढ्याच्या ढुंगणाला बांधलेल्या पिशवीत घातला, त्या माणसाची चौकशी लोक अजून माझ्याकडेच करतात. पेंड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, "साहेब कसे हायत? येतेत का इकडं?" आणि मग पेंडीचा भाव. मुदखेडला मुलीकडे असतात, बरे आहेत, एवढं सांगून मी पोतं वजनाला लावतो. जास्त बोललो की माझा आवाज चढतो.

पण एकदा काय ते सांगून टाकतो. लोकांना साहेब म्हणजे देवमाणूस वाटतात. देवमाणसाला वरच्या खोलीत भाड्याने ठेवून बघा, मग बोला.

मी धान्याच्या मोंढ्यात पाठीवर पोती वाहिलेला माणूस. हमालीतून आडतीवर, आडतीतून स्वतःच्या दुकानात आलो, ते कुणाच्या उपकाराने नाही. लातूर-नांदेड रस्त्यावर माझं पशुखाद्याचं दुकान आहे. मागे गोदाम, गोदामामागे मोकळं आवार, वर आमचं घर आणि एक जादा खोली. सरकी पेंड, तुरीची चुनी, मका सगळेच विकतात. मी एक पाऊल पुढे गेलो. आपल्या भागात कडबा आहे, सोयाबीनचं भुसकट ढिगाने पडलेलं आहे, आणि लोक ते जाळून टाकतात. मी कडब्याची कुट्टी, ते भुसकट, चुनी, थोडी पेंड, थोडी भरडलेली ज्वारी, वर किल्लारीच्या साखर कारखान्यातून आणलेली मळी आणि मीठ असं एकत्र करून पोत्यात भरलं. गायीला पोतं फोडून घाला, दुसरं काही बघायला नको. कोरडवाहू माणसाच्या गायीसाठी ते मिश्रण मी स्वतःच्या डोक्याने काढलं. त्यासाठी कुणाच्या कॉलेजात गेलो नाही.

तर साहेब. सरकारी मेंढी फार्मवर नोकरी करून निवृत्त झालेले. खोली बघायला आले तेव्हा नळाला पाणी येतं का, लाईट जाते का, काही विचारलं नाही. जिना चढलेसुद्धा नाहीत. थेट मागच्या आवारात गेले, जमिनीवर पाय आपटून बघितला आणि म्हणाले, "इथं चार मेंढे बांधले तर चालतील?"

मला वाटलं, निवृत्तीनंतर मेंढे पोसून विकायचा जोडधंदा करत असतील. म्हटलं, "बांधा की."

आठ दिवसांत त्यांनी आवारात लाकडी खोडे उभे केले. एकेका खोड्यात एकेक मेंढा. आणि प्रत्येक मेंढ्याच्या अंगावर पट्ट्यांचा साज. बैलपोळ्याला बैल सजवतात तसा, फक्त हा साज पाठीवरून मागे जायचा आणि शेपटीखाली एक जाड कापडाची पिशवी लोंबायची. मेंढ्याने टाकलेली प्रत्येक लेंडी त्या पिशवीत.

"साहेब, हे काय करून राहिले?" मी विचारलं.

"लेंड्या गोळा करून राहिलो."

विचारलं तेवढं उत्तर. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

हळूहळू कळलं. सकाळी साहेब माझ्याच दुकानाच्या तराजूवर मेंढ्यांचं खाद्य मोजायचे. दुसऱ्या दिवशी गव्हाणीत उरलेलं मोजायचे. मग पिशव्या सोडून लेंड्या मोजायच्या, वाळवायच्या, वाळल्यावर पुन्हा मोजायच्या. भिंतीवर कोळशाने आकडे लिहायचे. तोंडाने सारखा एकच जप: "गेलं किती, आलं किती, राहिलं किती." जेवढं तोंडातून गेलं आणि मागून बाहेर आलं नाही, तेवढं जनावराला पचलं. बाकीचं, साहेबांच्या शब्दांत, "नुसती हमाली." मी हमाली केलेला माणूस आहे. तो शब्द ते बोलले की मला लागायचा. पण त्यांना ते कधी कळलं नाही.

मेंढेच का, मेंढी का नाही, हेही मी विचारलं होतं. "मेंढीचं मूत पिशवीत जातं. मेंढ्याचं पुढं पडतं," ते म्हणाले आणि पिशवीची गाठ मारत राहिले. जगात दुसरं कुणी सकाळच्या पहिल्या चहाला हे वाक्य बोलत असेल असं मला वाटत नाही.

बाजारात लोक जनावर तोंडाकडून बघतात. दात मोजतात, डोळे बघतात, शिंगं बघतात. साहेब मागून बघायचे. रस्त्याने चालताना शेणाचा पो दिसला की थांबलेच. काडीने उकलायचे, चिमटीत घेऊन चोळायचे. खिशात चहाची गाळणी असायची. हातपंप जवळ असला तर शेण गाळणीत घालून धुवायचे आणि गाळणीत काय राहिलं ते उन्हात धरून बघायचे. "या गायीवर पेंड वाया चाललीय," असं स्वतःशी म्हणून पुढे जायचे. गायीचा मालक समोर उभा असला तरी त्याला सांगायचे नाहीत. त्याने विचारलं तर सांगायचे.

आमच्या घरात पहिला भडका उडाला तो उन्हाळ्यात. कारभारणीने गच्चीवर धोतरावर कुरडया घातल्या होत्या. संध्याकाळी काढायला गेली तर शेजारच्या ताटांत लेंड्या वाळत पडलेल्या, नीट ओळीने, प्रत्येक ताटाखाली मेंढ्याचा नंबर.

"साहेब! माज्या कुरडया आन् तुमच्या लेंड्या एका गच्चीवर?" तिचा आवाज खाली रस्त्यापर्यंत आला.

साहेब जिन्यातून वर आले. आकाशाकडे बघितलं. "वहिनी, वारं पश्चिमेचं हाय. कुरडया पश्चिमेला हायत. लेंड्या पूर्वेला ठिवल्यात."

"आन् वारं फिरलं तर?"

"तर कुरडया हलवाव्या लागतील."

ती त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी देताना विचारलं, "आमटी कशी झाली?" साहेब म्हणाले, "खारट." तिने ताट ओढून घेतलं. त्यांनी घास खाली ठेवला, चेहऱ्यावर काही नाही. जरा वेळाने तिनेच विचारलं, "मग जेवायचं का न्हाई?" साहेब म्हणाले, "जेवायचं की. खारट हाय, वाईट न्हाई." पोटभर जेवले.

त्या दिवसापासून ती साहेबांवर खूश. म्हणायची, हा एक माणूस खरं बोलतो. मी म्हणायचो, खरं बोलतो, पण अर्धं.

कारण माझा त्यांच्यावरचा राग त्या अर्ध्यापासूनच सुरू झाला. पावसाळ्यात मी मळी आणायला किल्लारीला गेलो होतो. वाटेत आभाळ फाटलं. मी फोन केला, "साहेब, पाऊस लई हाय. गोदाम गळतंय का बघा."

जाऊन बघून आले. "न्हाई गळत."

निवांत झालो. चहा पिऊन, मळी भरून आरामात आलो, तर गोदामात घोट्याएवढं पाणी, खालची सगळी पेंडीची पोती भिजून फुगलेली. मी ओरडत वर गेलो.

"गळत न्हाई म्हणालात!"

"गळत न्हाईच. छप्पर चांगलं हाय. पाणी शटरखालून आलं."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही गळतंय का विचारलं," साहेब शांतपणे म्हणाले. माझ्या कपाळाची शीर उडत होती आणि ते माझ्याकडे काळजीने बघत होते, जणू मलाच काही झालं आहे.

एकदाच, फार दिवसांनी, त्यांनी कारण सांगितलं होतं. तरुणपणी फार्मवर कुणी न विचारता ते बोलले होते: मेंढ्यांना जे खाद्य येतंय ते निकृष्ट आहे. बदली झाली. नव्या ठिकाणी पुन्हा न विचारता बोलले. पुन्हा बदली. बायको आजारी असताना तिसरी. "तवापासून विचारलं तेवढं," ते म्हणाले. ऐकून वाईट वाटलं, नाही असं नाही. पण माझी पेंड भिजली ती भिजलीच.

बाजारातलं तर विचारूच नका. त्यांना नवा मेंढा हवा होता. म्हटलं, साहेब, तुम्ही गप्प उभं राहा, सौदा मी करतो. आमच्याकडे अजून रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात. बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. माझी बोटं त्या कामात मुरलेली आहेत. धनगराला मी जवळजवळ आणला होता. मेंढ्याची चाल बरी नाही, लोकर विरळ आहे, मागचा पाय जरा ओढतो, असं मी तोंडाने चालूच ठेवलं होतं. धनगर हुशार. त्याने माझा हात सोडला नाही आणि साहेबांकडे वळला. "बाबा, तुमी शाने दिसता. मेंढा कसा हाय?"

"उत्तम हाय," साहेब म्हणाले. "आख्ख्या बाजारात याच्या तोडीचा न्हाई."

रुमालाखाली धनगराची बोटं अशी काही बदलली की मला हात झटकावा लागला. आजूबाजूचे हसले. धनगराने साहेबांना तंबाखू दिली. साहेब खात नाहीत, पण घेतली, कारण त्याने दिली होती.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते सांगतो.

आमच्या भागातल्या दूध संघाला गावोगावच्या गवळ्यांसाठी वर्षभराचं खाद्य एका दुकानदाराकडून घ्यायचं होतं. ही ऑर्डर माझी व्हावी म्हणून मी किती उन्हाळे त्या संघाच्या पायऱ्या झिजवल्या ते मला माहीत आहे. समोर देगलूरचा एक व्यापारी होता. त्याच्या पोत्यात चकचकीत गोळ्या आणि अख्खा मका. दिसायला माल सुरेख. माझं मिश्रण दिसायला म्हणजे केरसुणीने गोळा केल्यासारखं, हे मीच सांगतो. पण गाय आरसा घेऊन खायला बसत नाही.

संघाच्या चेअरमनला सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी जाहीर केलं, यंदा दुकानदाराच्या तोंडावर विश्वास नाही, खाद्य तपासून घ्यायचं. आणि तपासायचं कुणी, तर साहेबांनी. त्यांच्यासारखा खरा माणूस या भागात नाही, मेंढ्यांची सोय तयार आहे, आणि गायीला तपासायला खाद्याचा डोंगर लागतो, मेंढ्याचं पसाभरात भागतं. आप्पा स्वतः आमच्या आवारात आले. मेंढ्यांच्या पिशव्या बघून हसू दाबलं आणि म्हणाले, "साहेब, दोघांचं खाद्य मेंढ्यांस्नी घाला. कुनाचं जास्त पचतंय तेवढं सांगा."

"सांगतो," साहेब म्हणाले.

मी मनात गूळ वाटला. माझ्या आवारात, माझ्या तराजूवर, माझ्या भाडेकरूने तपासणी करायची! तरी मी साहेबांना एक शब्द बोललो नाही. बोलून उपयोग नव्हता. निकाल काय लागेल ते मला आधी सांगतील का, एवढंच होतं. तेही विचारलं नाही. माझ्या खाद्यावर माझा विश्वास होता.

तपासणी सुरू झाली. मी दिवसातून दहा वेळा मागे जायचो. माझं खाद्य घातलेले मेंढे नाकाने उकरायचे, चुनी-पेंड वेचून खायचे आणि कडब्याचे जाड तुकडे बाजूला सारायचे. देगलूरच्या मक्यावर मात्र दुसऱ्या जोडीच्या उड्या. कराकरा चावून खायचे. मी साहेबांना गाठलं.

"साहेब, मेंढे निवडून खातेत."

"हाव. मेंढ्याचं तोंड बारीक. निवडूनच खातो."

"मग?"

"मग उरलेलं बी मोजून राहिलो."

आणि संघाच्या सभेत त्यांनी उभं राहून सांगितलं की देगलूरचं खाद्य मेंढ्यांना पुष्कळ जास्त पचलं. खाली बसले. टाळ्या. देगलूरवाल्याने तिथेच सगळ्यांना लस्सी पाजली. मलाही दिली. मी ग्लास न पिता तसाच खिडकीत ठेवला.

घरी येऊन मी साहेबांशी भांडलो नाही. काय भांडणार? आकडे भिंतीवर होते. महिनाभर मी दुकानात असा बसायचो की गिऱ्हाईक परस्पर पुढच्या दुकानात जायचं.

मग एक दिवस जवळच्या गावची गंगाबाई आली. तिच्या घरी तीन गायी, दूध संघाला घालते. पूर्वी माझं पोतं न्यायची, आता संघाचं खाद्य मिळायचं. तिच्या हातात एक कोंबडी होती, विकायला चालली होती. मी सहज म्हटलं, "बाई, कोंबडी लई माजलीय की."

"माजंल न्हाई तर काय," ती म्हणाली. "दिसभर गायीच्या शेनात. ते नवं खाद्य आल्यापासून समद्या गावच्या कोंबड्या शेनावरच ऱ्हातेत. गायी वाळल्या, कोंबड्या फुगल्या. दूध उतरलं माजं. संघवाले म्हनतेत पानी घालते. माजा घरवाला म्हनतो बाहेर इकते. मी काय करू, सांगा."

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. टेम्पो काढला आणि तिच्याबरोबर गावात गेलो. तिच्या गोठ्यातलं शेण काडीने उकललं. साहेबांकडून तेवढं शिकलो होतो. शेणात मका. अख्खा, पिवळा, जसाच्या तसा. पुढच्या घरी तेच. पुढच्या गल्लीत तेच. गायी मका गिळत होत्या आणि मागून परत करत होत्या, आणि गंगाबाईसारख्या बायका पाणी घालण्याचा आळ सोसत होत्या. मी एक टोपली भरून शेण घेतलं, वर पोतं झाकलं. गंगाबाई म्हणाली, "मी बी येते." साहेबांना दुकानातून उचललं आणि सरळ संघात.

त्या दिवशी आप्पांची बैठक चालू होती. देगलूरवालाही होता. मी टोपली टेबलावर ठेवली.

"काय अन्ना," देगलूरवाला नाकाला रुमाल लावत म्हणाला, "संघात आता शेन बी घालायले का?"

"तुमचंच हाय, शेठ," मी म्हणालो. "परत द्यायला आनलंय." मग साहेबांकडे वळलो. आता मला त्यांची रीत माहीत होती. वकिलासारखं एकेक विचारायचं, मधे फट ठेवायची नाही. "साहेब, या शेणात मका अख्खा हाय का न्हाई?"

साहेबांनी टोपलीत हात घातला. "हाय."

"मेंढ्यांच्या लेंडीत असा निघाला होता का?"

"न्हाई. मेंढा दाणा चावून बारीक करतो. त्याला अख्खा चालतो. गाय अर्धामुर्धा चावून गिळते. रवंथ करताना बी लई दाणे निसटतात."

"आन् कडबा, भुसकट? ते कुणाला जास्त पचतं?"

"गायीला. मोठ्या पोटात ते जास्त वेळ ऱ्हातं, मुरतं."

गंगाबाई आप्पांकडे बघत होती. "ऐकलं का, आप्पा? म्या पानी घातलं न्हाई."

आप्पा लाल झाले. "साहेब, हे तुमाला आधीपासून ठावं व्हतं?"

"हाव."

"मग तवा कामून बोलला न्हाईत?"

"तुम्ही मेंढ्यांस्नी कुणाचं जास्त पचतं ते विचारलं. तेच सांगितलं."

आप्पांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. पण आप्पा राजकारणातला माणूस, लगेच सावरले. माझ्याकडे बोट केलं. "बरं, आता नीट इचारतो. या मालकांचं खाद्य गायीला चांगलं हाय का?"

हा तो क्षण. इतकी वर्षं पाठीवर पोती वाहिली, रात्रंदिवस कुट्टी केली, त्याचं सगळं ओझं एका माणसाच्या जिभेवर आलं होतं. 'हाव' म्हणायला किती लागतं? आम्ही एका घरात राहतो. त्यांच्या मेंढ्यांना पाणी माझ्या टाकीचं. त्यांना ताप आला तेव्हा उशाशी माझी बायको.

साहेबांनी हात शेणाचे म्हणून पुढे धरले होते. विचार केला आणि म्हणाले, "माहीत न्हाई."

"म्हंजे?"

"गायीवर तपासलं न्हाई."

"साहेब!" मी ओरडलो. "आत्ता म्हणालात कडबा गायीला बरा पचतो!"

"मेंढ्यापेक्षा बरा पचतो म्हणालो. तुमच्या पोत्यातलं मिश्रण किती पचतं ते मोजल्याबिगर कसं सांगू?"

तेवढ्यात देगलूरवाला गोड आवाजात म्हणाला, "साहेब, एक इचारतो. मका भरडून घातला तर गायीला पचतंय का?"

"पचतंय," साहेब लगेच म्हणाले. "पीठ करू नका, पोट बिघडंल. जाडसर भरडा."

"झालं की मग, आप्पा. उद्यापासून भरडून देतो."

आप्पांना हेच हवं होतं. ऑर्डर मोडली की संघाची चूक दिसणार. मका भरडला की सगळं झाकलं. गंगाबाईवरचा आळ निघाला, तेवढं एक चांगलं झालं. बाकी माझ्या टोपलीतल्या शेणाने देगलूरवाल्याचं अंगण सारवलं गेलं. ती ऑर्डर आजही त्याच्याकडे आहे.

परत येताना टेम्पोत साहेब माझ्या शेजारी. मी गाडी कशी चालवत होतो ते रस्त्यालाच माहीत.

"खोली रिकामी करा," मी म्हणालो.

"कधी?"

"उद्या!"

"बरं."

माणसाने भांडावं, हात जोडावेत, निदान 'का' विचारावं. 'बरं' म्हणाले! मला रात्री जेवण गेलं नाही. बायको उलट माझ्यावरच चिडली. म्हणाली, त्यांनी खोटं बोलावं असं वाटत होतं का तुम्हाला? मी म्हणालो, खोटं नको, माझ्या बाजूचं खरं बोलायचं होतं. ती म्हणाली, तसलं खरं तुमच्या रुमालाखाली असतं.

सकाळी उठलो तर साहेब खोलीत नव्हते. सामान जागेवर, मेंढे जागेवर. बायकोने सांगितलं, चहा न घेता गेले, कुठे ते सांगितलं नाही. म्हटलं, टेम्पो ठरवायला गेले असतील. दिवसभर मी दुकानात बसून त्यांना सुनवायची वाक्यं जुळवत होतो.

तिन्हीसांजेला रस्त्यावर घंटा वाजली. बघतो तर साहेब पायी येत होते, धुळीने पांढरे झालेले, आणि मागे दोरीला एक म्हातारा देवणी बैल. शिंगाला विकणाऱ्याने बांधलेला नवा गोंडासुद्धा तसाच. म्हणजे बाजारातून, सांगितलेल्या भावात, एक अक्षर न बोलता आणलेला. माझं रक्त उकळलं. ते दुकानासमोरून न थांबता मागच्या आवारात गेले. मी पाठोपाठ.

"हे काय आणलं?"

"बैल."

"दिसतंय! कशाला?"

साहेबांनी बैल खुंटाला बांधला. कोपऱ्यातून माझी जुनी ताडपत्री ओढली आणि कात्रीने कापायला लागले. माझी ताडपत्री! "पिशवी मोठी लागंल," ते म्हणाले. "मेंढ्याची पुरत न्हाई."

माझ्या ध्यानात आलं. तरी मी ओरडलोच. "गायीचा प्रश्न आणि तुम्ही आणला बैल?"

"गायीचं मूत पिशवीत जातं. पोट सारखंच असतं. दुधाचा हिशेब मग गंगाबाईच्या गोठ्यात बघू."

बायको दारात येऊन उभी होती. तिने बैलाला बघून आधी हात जोडले, मग कपाळाला हात लावला. "शिवा शिवा! नंदीला पिशवी बांधायची व्हय, साहेब?"

"हाव, वहिनी."

ती आत गेली आणि विभूती घेऊन आली. बैलाच्या कपाळावर तीन बोटं ओढली, त्याच्याशी काहीतरी पुटपुटली, बहुतेक माफी मागत असावी.

मी साहेबांच्या पुढ्यात उभा राहिलो. "ऑर्डर गेली. संघ झोपला. आप्पाला आता यातलं काही ऐकायचं नाही. कुणी विचारलं तुम्हाला हे? सांगा ना, कुणी विचारलं?"

साहेबांचे हात थांबले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी अडखळताना बघितलं नव्हतं. ताडपत्रीची कड बोटांनी दुमडत ते म्हणाले, "कुणीच न्हाई."

मग माझ्याकडे न बघता बैलाच्या पाठीवर पट्टा टाकला. बैल म्हातारा होता, पण अंगाने भला दांडगा. पट्टा पलीकडे गेला आणि सटकला. पुन्हा टाकला, पुन्हा सटकला. एका माणसाचं ते काम नव्हतं.

"अक्कल नाही काडीची," मी म्हणालो. "बाजारात जायचं तर मला न्यायचं होतं. लुटलं असेल त्याने तुम्हाला. ताडपत्री विचारून घ्यायची असते. आणि पोतं फोडताना वरचं फोडा, नवं आहे, खालचं दमट आहे." आणि बैलाला वळसा घालून पलीकडे गेलो, पट्ट्याचं टोक धरलं आणि घट्ट ओढलं.